सांध्यापासून बोटभर

९ सप्टेंबर, मंगळवार

गाव्राचं काम आज नक्की झालं. कोबी आंबवायच्या सहा टाक्या. माणसाहून उंच, सगळ्या स्टेनलेसच्या, बुडाशी जाड कडं. आमच्या शेडमध्ये आजवर दुधाची भांडी, वाइनची लहान पिंपं, कुणाच्या चुलाण्याची दुरुस्ती, एवढंच होत आलं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच आलंय.

गाव्रा म्हणाला, "मेस्त्री, आजोबांची लाकडी पिंपं पन्नास वर्षं टिकली. तुझ्या टाक्या माझ्या नातवंडांनी वापरल्या पाहिजेत."

वितो म्हणाला, "आधी पोरांची लग्नं तर लाव. दोघंही पस्तिशीला आले."

गाव्रा इतका हसला की राकिया दारूचा पेला कलंडला. गावात अर्धी घरं कोबीवर जगतात, त्यात गाव्राचं शेत सगळ्यात मोठं. हे काम नीट झालं तर बाकीचेही येतील.

वितोच्या उजव्या हाताबद्दल मी काही बोलले नाही. सकाळी कॉफीचा कप बशीवर ठेवताना तो आता वाजतो. वेल्डिंगची टॉर्च हातात घेतली की थरथर थांबते. निदान आजवर तरी थांबायची.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहिल्या टाकीचं बूड आज जोडलं. आर्गन वेल्डिंग करताना वितो श्वास रोखून धरतो, आणि मग मीही धरते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सवय जात नाही. सांधा झाल्यावर तो तोंडावरची काच वर करून रंग बघतो. गवती पिवळा असला की खूश, जांभळ्यावर गेला की कुरकुर, निळा काळपट दिसला तर शिव्या. आज पिवळा होता.

डॉक्टरांनी सांगितलंय, प्रत्येक सांध्यानंतर बाहेर हवेत दोन तास बसायचं. छातीचं दुखणं थट्टेवारी नेऊ नका म्हणाले. म्हणून मी म्हटलं, थंड करायचं काम माझ्याकडे दे.

"ओलं फडकं मारायचं, लगेच," तो म्हणाला. "हा नेहमीचा पत्रा नाही. कमी कार्बनचा या जाडीत मिळालाच नाही, हा साधा आहे. गरम ठेवला की आजारी पडतो."

मी हो म्हटलं.

तो अक्रोडाखाली जाऊन बसला. मी फडकं बादलीत बुडवलं आणि ते हातातच राहिलं. लाल लोखंडावर गार पाणी! मी लोहाराची मुलगी. आमच्या घरी ओतीव लोखंडाचा दरवाजा जोडला की बाबा तो निखाऱ्यांवर ठेवायचे, वरून गरम राख घालायचे, जुनं घोंगडं पांघरायचे आणि रात्रभर कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. "बाळंतिणीसारखं जपायचं," म्हणायचे. "गारठा लागला की तडकतं." एकदा माझ्या भावानं घोंगडं उचलून पाहिलं, तेव्हा टण्णकन आवाज झाला, आणि त्यानं मारही खाल्ला.

वितोचा हात पूर्वीचा असता तर मी फडकं मारलंही असतं. पण आज सांध्याच्या शेवटच्या वितीत टॉर्च किंचित हलली होती. मी पाहिलं. असा सांधा गार पाण्याचा घाव कसा सोसेल?

शेगडीतले निखारे कड्याखाली सारले. वर राख. वर घोंगडं. तो परत येईपर्यंत सगळं काढलं, आम्लाचा लेप लावून ब्रशनं घासलं, धुतलं. आरशासारखं चकाकलं.

"मारलंस फडकं?"

"मारलं."

सव्वीस वर्षांत त्याच्याशी खोटं बोलल्याचं मला फारसं आठवत नाही. पण हे खोटं त्याच्याच भल्याचं आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

तीन टाक्या झाल्या. एकही सांधा तडकला नाही. वितो खूश आहे. काल म्हणाला, "हात अजून शाबूत आहे गं माझा." मी त्याची पाठ चोळत होते. म्हटलं, आहेच मुळी.

मनात म्हटलं, राख आहे म्हणून.

हे लिहिताना बरं वाटत नाही. पण दैनंदिनीत खोटं लिहायचं तर लिहायचं कशाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

टाक्या गाव्राच्या कोठारात लागल्या. जुन्या गोठ्याचंच त्यानं कोठार केलंय. सकाळपासून बायका कोबीचे देठ कोरून मीठ भरत होत्या, गाव्राचे दोन्ही मुलगे गड्डे रचत होते. संध्याकाळी टाक्यांवर दगड ठेवले आणि मिठाचं पाणी सोडलं. सकाळी टाक्या भरण्याआधी गाव्रानं पाहुण्यांसमोर टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक केली होती. घंटेसारखा आवाज आला.

"ऐका," तो ओरडला, "ही मेस्त्री वितोमिरची टाकी! चर्चला नवी घंटा हवी असेल तर याच्याकडे या!"

वितो लाजला. त्याचे कान लाल होतात. लग्नात झाले होते तसेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

टाक्या गळतायत.

पहाटे गाव्राचा धाकटा आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर आला नाही. तीन टाक्यांतलं पाणी रात्रीतून उतरलं, वरचा कोबी काळा पडलाय, बाकी तिन्हीच्या बुडाशी पाझर आहे. दोन महिन्यांवर सणासुदीचे दिवस, शहरातले व्यापारी ठरलेले, आणि त्यांचं वर्षाचं पीक त्या सहा टाक्यांत.

वितो म्हणाला, "मी येतो." मी कोट चढवला तर म्हणाला, "तू नको."

दुपारी परत आला तो तसाच शेडमध्ये गेला. मी सूप घेऊन गेले. तो बाकावर बसला होता, समोर टाकीच्या बुडाचा कापून आणलेला तळहाताएवढा तुकडा. सूप निवलं.

"काय म्हणाला गाव्रा?"

"काय म्हणणार."

"तू काय म्हणालास?"

तो बराच वेळ तुकडा उलटसुलट करत होता. "पाहतो म्हटलं. का झालं ते पाहतो आणि सांगतो."

मला राहवलं नाही. हात धरला त्याचा. थरथरत होता. मी काय बोलणार? मला तर सप्टेंबरातच दिसलं होतं. मी एवढं जपूनही सांधे टिकले नाहीत, तर मुळात किती कच्चे असतील ते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वितो सकाळच्या बसनं नोवी साद शहरात गेला. डॉक्टरकडे, म्हणाला. पावाच्या पिशवीत काहीतरी जड होतं. विचारलं तर म्हणाला, जुने एक्स-रे. एक्स-रे इतके जड?

अंधार पडता पडता आला. जेवला, चांगला जेवला. मग अचानक म्हणाला, "मिलुंका, तुझे वडील ओतीव लोखंड जोडल्यावर काय करायचे गं?"

मी खुलले. सव्वीस वर्षांत त्यानं माझ्या बाबांच्या लोहारकीबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. मी सगळं सांगितलं. निखारे, राख, घोंगडं, भावानं खाल्लेला मार. तो माझ्याकडे बघत होता, एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवावं तसा. मग हसला. उठून माझ्या डोक्यावर ओठ टेकवले.

"बरोबर करायचे ते," म्हणाला. "ओतीव लोखंडाला तेच लागतं."

झोपण्याआधी शेगडीतली सगळी राख त्यानं घमेल्यात भरून बागेत नेऊन टाकली. लसणीला बरी, म्हणाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज तो पुन्हा गाव्राकडे जाऊन आला. टॉर्च खुंटीला लावली, काच पुसून कपाटात ठेवली. मला म्हणाला, "हात गेला माझा. गाव्राला तसं सांगून आलो. आता विषय नको."

मी रडले. तो मला थोपटत होता. त्यानंच मला थोपटायचं, अशी वेळ.

३ डिसेंबर, बुधवार

पावाच्या दुकानात रांगेत मागे दोघं बोलत होते. मी डोक्याला रुमाल बांधला होता, ओळखलं नसेल. किंवा असेलही.

"वितोमिरची टाकी घे तू. बागेत ठेवली की शिंपायला नको."

"हात हलतो म्हणे त्याचा."

"हात हलतो तर भाजीवर मीठ भुरभुरावं. सांधे कशाला जोडावेत?"

पाव न घेता घरी आले. वितोनं विचारलं तर म्हटलं, संपले होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज आमच्या कुळाच्या संताचा दिवस. या दिवसाला कुणाला बोलावत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. उंबरा ओलांडणाऱ्याला जेवू घालायचं, एवढंच आपलं काम. दरवर्षी तीस-चाळीस माणसं होतात. उपासाचे दिवस, मांस चालत नाही, म्हणून कोबीच्या पानांत भात गुंडाळून सार्मा केला, डॅन्यूबचा मासा आणला. कोबी बाजारातून विकत घेतला, आयुष्यात पहिल्यांदा.

पाद्री आले. शेजारची कोसाना आली. माझा भाऊ आला. झालं.

गाव्रा एकदाही चुकला नव्हता. आमच्या लग्नात त्यानं साक्षीदार म्हणून सही केली आहे. चार वाजेपर्यंत वितो खिडकीशी बसला होता. मग उठून म्हणाला, "चला, पाव कापू या." पाव फिरवून त्यावर वाइन ओतताना त्याचा हात जराही हलला नाही. मी मुद्दाम पाहिलं. मला त्याचंच वाईट वाटलं. इतक्या उशिरा स्थिर होऊन काय उपयोग?

रात्रभर भांडी भरलेलीच राहिली. एवढा सार्मा मी कुणासाठी केला होता?

१८ जानेवारी, रविवार

काल वितो गेला. अंगणातला बर्फ ओढताना. फावडं हातात होतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

वितो गेल्याचा काळ्या चौकटीचा कागद अजून चौकातल्या खांबावर आहे. कडेनं सुटलाय. मी रोज जाताना तळहातानं दाबून ठेवते.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज प्रोफेसर ओब्राद आले. वितोचे तांत्रिक शाळेतले शिक्षक, ऐंशी पार केलेले. बातमी उशिरा कळली म्हणून बर्फातून बस पकडून आले. मी कॉफी केली. ते वितोच्या शाळेतल्या खोड्या सांगत होते, मी हसत होते आणि रडत होते.

मग मी म्हटलं, "सर, तुम्ही त्याला हे शिकवलंत. हात गेल्याचं त्याला फार लागलं हो. त्यानंच गेला तो."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुणाचा हात गेला?"

"वितोचा. गाव्राच्या टाक्या…"

"पोरी," ते म्हणाले. काठीची मूठ चोळत बसले. "मी त्याला शब्द दिलाय. पण तो हात मी घडवला आहे. त्याला नावं ठेवलेली मला ऐकवत नाहीत. हात नव्हता गेला."

वितो नोव्हेंबरात त्यांच्याकडेच गेला होता. तो तुकडा घेऊन. त्यांनी अर्धा कापून आम्लात उकळला, वाकवून पाहिला, उरलेली पट्टी जपून ठेवली. ती कागदात गुंडाळून आणली होती, त्याची आठवण म्हणून मला द्यायला.

त्यांनी समजावलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते, विसरायचं नाही म्हणून.

"स्टेनलेस गंजत नाही ते क्रोमियममुळं. ती त्याची कातडी. पोलाद वितळू दे, काही होत नाही. गार असू दे, काही होत नाही. मधे एक पट्टा असतो, साडेचारशे ते साडेआठशे अंशांचा. तिथून ते पळत पार झालं पाहिजे. तिथं रेंगाळलं की आतला कार्बन क्रोमियमला ओढून घेतो, दोघं मिळून कणाकणांच्या बांधावर जाऊन बसतात. बांधालगतची जमीन ओसाड पडते. वरून चकचकीत दिसतं, पण आत बांध उघडे. खारट, आंबट पाणी तिथूनच शिरतं."

"आणि सांधा?"

"सांध्याला काही होत नाही. वितळलेला भाग लवकर थिजतो. फाटतं ते शेजारी, सांध्यापासून बोटभर अंतरावर. ही पट्टी बघ. याच्याइतका सुबक सांधा माझ्या वर्गात दुसऱ्या कुणी केला नाही. फक्त कुणीतरी तो तासन्‌तास गरम ठेवला."

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यानं मला एकच विचारलं. सर, निखाऱ्यावर ठेवून राखेत पुरला तर असं होईल का? मी म्हटलं, हुबेहूब असंच होईल. मग म्हणाला, हे कुणाला सांगू नका."

प्रोफेसर गेले तेव्हा मी दारापर्यंतही गेले नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

त्याला कळलं होतं. घोंगड्याला लागलेली राख त्याला दिसली असणार. मी राख घातली हे कळलं, मी खोटं बोलले हे कळलं, आणि का बोलले तेही. त्याच्या हातावर माझा विश्वास नव्हता, हे त्याला ज्या रात्री कळलं त्या रात्री त्यानं माझ्या डोक्यावर ओठ टेकवले.

मग बाहेर जाऊन राख फेकून दिली, म्हणजे मला कधी कळू नये.

आणि मी थोपटून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

वितोला जाऊन चाळीस दिवस येत्या बुधवारी पुरे होतात, पण विधी आधीच्या शनिवारी करायचा असतो. सकाळी थडग्यावर मेणबत्ती लावली, शिजवलेला गहू ठेवला, वाइन शिंपडली. मग सगळे घरी जेवायला. मेलेल्याच्या जेवणाला न येणं हे पाप, त्यामुळं संताच्या दिवशी न आलेले सगळे आज आले. गाव्राही. दोन्ही मुलगे अंगणात कुंपणाशी सिगारेट ओढत उभे होते.

सूप वाढून झालं आणि मी उभी राहिले. मी काय म्हणणार ते आठ दिवस पाठ केलं होतं. पाठ केलेलं काही आठवलं नाही.

"टाक्या वितोनं बिघडवल्या नाहीत," मी म्हटलं. "मी बिघडवल्या. त्यानं ओलं फडकं मारायला सांगितलं होतं. मी राखेत पुरल्या आणि त्याला खोटं सांगितलं. त्याचा हात चांगला होता."

मग कोसाना उठून माझ्या खांद्याला धरून बसवायला लागली. "बस गं बाई. रडून घे."

टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "नवऱ्याचा दोष पदरात घेतेय बिचारी."

"अशी बायको नशिबानंच मिळते."

"अहो, खरं आहे ते!" मी ओरडले. त्यावर माझा भाऊसुद्धा म्हणाला, "ताई, असू दे. आम्हाला कळतं."

गाव्रा समोरून उठून आला. टोपी हातात. "वहिनी," तो म्हणाला, "माझ्या मनात काही नाही. मी त्याला केव्हाच माफ केलंय."

ते वाक्य मला सगळ्यांत जास्त लागलं. मी त्याची बाही धरली. "शेडमध्ये चल."

"अहो, जेवण निवतंय…"

"चल म्हणते ना."

शेडमध्ये महिनाभर कुणी गेलं नव्हतं. मी ती पट्टी पकडीत आवळली. मधोमध वितोचा सांधा, मासोळीच्या पाठीसारखा, एक खवला दुसऱ्यावर. प्रोफेसरांनी सांगितलेलं मी जमेल तसं गाव्राला सांगितलं. मग त्याच्या हातात हातोडा दिला. "सांध्यावर मार."

त्यानं मारला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सगळं बळ लावून. सांधा जरासा चेपला, एवढंच.

"आता त्याच्या शेजारी. इथं. बोटभर लांब."

हलकासा ठोका बसला आणि पट्टी बिस्किटासारखी मोडली. मोडलेली कड साखरेसारखी खडबडीत, करडी. गाव्रा ती अंगठ्यानं चाचपत राहिला. चार दाणे निखळून पडले.

तो ऐरणीवर बसला. म्हणाला, "मी पोरांसमोर त्याला म्हटलं, असला हात तोडून डुकरांना घालावा. तो म्हणाला, 'हो गाव्रा, गेला हात.' टोपी काढून उभा होता. पाऊस पडत होता. मी आत ये म्हटलं नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "अर्धा तास मी बोलत होतो, वहिनी. त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही."

हे मला माहीत नव्हतं. वितो त्या दिवशी भिजून आला होता, आणि मी त्याला मोजे बदल म्हणून रागावले होते.

गाव्रानं डोळे पुसले, टोपी घातली, बाहेर गेला. मी पकडीला धरून उभी राहिले. दार उघडंच होतं. अंगणातलं सगळं ऐकू येत होतं. जेवणारेही पायऱ्यांवर आले असावेत, पावलं वाजत होती.

"ऐका रे," गाव्रा मुलांना म्हणाला. "मेस्त्रीच्या सांध्यात काही खोट नव्हती. मी स्वतःच्या हातानं ठोकून पाहिलं. अख्ख्या गावाला सांगा."

"मग टाक्या कशा फाटल्या?" थोरल्यानं विचारलं. "चूक कुणाची मग?"

शेडच्या दाराकडे गाव्रानं पाहिलं असेल, मला दिसत नव्हतं. मग म्हणाला, "पत्र्याची. पत्राच खराब आला होता."

क्षणभर मला वाटलं, आत राहावं. आत आडोसा होता. त्यानं तेवढ्यासाठीच ते म्हटलं होतं, आणि कुणीही आणखी काही विचारलं नसतं.

मी उंबऱ्याबाहेर आले. सगळे वळून बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "माझी."

या वेळी कुणी माझी समजूत घातली नाही.